आहे, पण दिसत नाही

पिंपळगाव बसवंतमध्ये कोण घरी आहे आणि कोण नाही, हे कळायला कधी यंत्र लागलं नाही. उंबऱ्याबाहेर चपला दिसल्या की माणूस आत. चपला आहेत पण गाडी नाही, म्हणजे बूट घालून निफाडला गेला. आणि ज्या अर्थी बूट घातले त्या अर्थी काम कोर्टाचं, नाहीतर सोयरिकीचं. समोरच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजीला एवढं सगळं एका नजरेत वाचता यायचं. पुढे नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्राएलमधल्या चार तरुणांनी बरोबर हेच काम करणारा प्रोग्राम काढला. तुमचा मित्र या क्षणी संगणकासमोर आहे की नाही, एवढंच तो आधी सांगायचा, बोलणं नंतर. त्याचं नाव आयसीक्यू. दीड-दोन वर्षांत अमेरिका ऑनलाइन या कंपनीने त्या पोरांची कंपनी २८ कोटी ७० लाख डॉलरला विकत घेतली. आजीला त्या कामाचा कधी चहासुद्धा मिळाला नव्हता.

पत्र लिहिणाऱ्याला असली चौकशी नसायची. पलीकडचा माणूस घरी असो, मळ्यात असो की गाणगापूरला गेलेला असो, पत्र आपलं कोनाड्यात पडून राहायचं. लगेच पोचणारा निरोप एकच, तार. आणि तिची दहशत अशी की ती फोडण्याआधीच घरातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मग कुणीतरी शिकलेला पोरगा यायचा आणि सांगायचा की पुतण्या पास झालाय. सरकारने जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद केली तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. आमच्या गल्लीत ती वाटल्याचं आठवत नाही.

इंटरनेट भारतात सर्वसामान्यांना मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या कृपेने. आमच्याकडे ते अंगवळणी पडायला शतक उलटावं लागलं. झेरॉक्स, एसटीडी आणि लॅमिनेशन करणाऱ्या दुकानाच्या मागच्या अंगाला प्लायवूडचे चार कप्पे ठोकले, की झाला सायबर कॅफे. मोडेम आधी किंचाळायचा, मग घसा खाकरायचा, मग एकदम गप्प व्हायचा. ती शांतता म्हणजे लागलं. तेवढ्यात दुकानदाराच्या घरून कुणी फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ मात्र चालू. त्यात भारनियमन. एखादीला मनातलं सांगायला धीर गोळा करावा आणि नेमकी त्याच क्षणी लाइट जावी, अशा कारणांनी या तालुक्यात किती लग्नं व्हायची राहिली आणि किती टळली, याचा हिशेब वीज मंडळाकडेही नसेल.

त्या कप्प्यांमध्ये आम्ही गप्पांचे प्रोग्राम पारखले. द्राक्षाचा घड हातात घेऊन मणी दाबून बघावा तसे.

आयसीक्यू अबोल आणि तुटक. तिथे तुम्हाला नाव नसायचं, नंबर असायचा. निरोप आला की ‘ओ-ओऽ’ असा आवाज यायचा, जणू पलीकडे कुणाच्या हातून दुधाचं पातेलं उतू गेलं. पाकळ्यांचं एक फूल होतं. हिरवं असलं की तुम्ही हजर, लाल झालं की नाही. जितका नंबर लहान तितका माणूस जुना, आणि त्याचा तोरा असा की जणू गावठाणातलं घर.

अमेरिका ऑनलाइनचं स्वतःचं एआयएम १९९७ सालचं. ते आमच्यापर्यंत पोचलं फक्त न्यू जर्सीतल्या एका चुलतभावाच्या तोंडून. कुणी आलं की दार उघडल्याचा आवाज, गेलं की लागल्याचा. कल्पना छान होती, पण दिवसभर दाराचा आवाज ऐकायला आम्हाला संगणकाची गरज नव्हती.

खरं राज्य केलं याहूने. मार्च १९९८ मध्ये तो ‘याहू पेजर’ म्हणून निघाला आणि पुढच्या वर्षी मेसेंजर झाला. याहूवर नाव घ्यायचं असे, आणि साधी नावं आधीच संपलेली. मग कुणी जन्मसाल जोडायचं, कुणी पिनकोड, आणि बहुतेक सगळे ‘कूल’. निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा उतरला की राज्यभर बातमी होते. त्या केंद्राने त्या काळी याहूवरच्या ‘कूल’ मंडळींचीही नोंद ठेवायला हवी होती. याहूत ‘बझ’ नावाचं एक बटण होतं. उत्तर आलं नाही की ते दाबायचं. पलीकडची खिडकी अंगात आल्यासारखी हलायची. बोलताना समोरच्याचा दंड धरून हलवायची सवय असलेल्या आमच्या लोकांसाठी याहून योग्य सोय जगात निघाली नसेल.

मायक्रोसॉफ्टचा एमएसएन जुलै १९९९ चा. तो इस्त्री केलेल्या कपड्यांतला. हॉटमेलचा पत्ता असलेले, पुण्यात इंजिनिअरिंगला गेलेले मुलगे तिकडे. तिथे स्वतःच्या नावाच्या जागी हवं ते लिहिता यायचं, म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री तिथे जगण्याच्या निरर्थकतेवर ओळी झळकायच्या. मुंबईच्या रेडिफने ‘बोल’ काढलं. नाव सगळ्यांत गोड, पण आमच्या ओळखीचं कुणी तिकडे राहायलाच गेलं नाही.

आणि यांचं एकमेकांशी बोलणं नाही! याहूवाल्याला एमएसएनवाल्याशी बोलता येत नसे. १९९९ च्या उन्हाळ्यात एमएसएनने एआयएमवाल्यांशी परस्पर बोलायची वाट काढली, अमेरिका ऑनलाइनने ती बुजवली, त्यांनी दुसरी काढली, तीही बुजवली. बांधावरून इतकी चिकाटी आमच्याकडेही फार थोड्यांनी दाखवली आहे. याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांची दिलजमाई व्हायला २००६ उजाडलं, तोवर पोरांचं लक्ष ऑर्कुटवर गेलेलं.

या सगळ्यात मला सगळ्यांत मनोरंजक वाटते ती एक बारीक गोष्ट. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची संगणकयंत्रणा होती, तिच्यावर ‘टॉकोमॅटिक’ हा गप्पांचा प्रोग्राम चालायचा. त्यात समोरचा लिहीत असे ते अक्षर न् अक्षर, जसं उमटेल तसं, सगळ्यांना दिसायचं. खोडलं तर खोडलेलंही दिसायचं. आयसीक्यूतही अशी एक समोरासमोरची खिडकी होती. म्हणजे ‘तू मला आ’ इथपर्यंत येऊन एखादा थबकायचा, मग मागे मागे जात सगळं पुसायचा आणि लिहायचा, ‘तू मला अकाउंटच्या नोट्स देशील का.’ पलीकडच्या मुलीला नोट्स तर समजायच्याच, पुसलेलंही समजायचं. नंतरच्या प्रोग्रामांनी अक्षरं झाकली आणि फक्त ‘लिहीत आहे’ एवढं दाखवायला सुरुवात केली. माणसाची उलघाल दिसते, कारण दिसत नाही. आमच्या एका आत्याबाई रोज रात्री पंधरा-पंधरा मिनिटं ‘लिहीत आहे’ असतात. मी पोटात गोळा घेऊन बघत बसतो, की वाटणीचं निघालं की तब्येतीचं. शेवटी येतं, ‘बरं’. मधल्या वेळात त्यांनी काय लिहून काय पुसलं, हे वाचायला मिळालं तर मी कादंबऱ्या वाचायचं सोडून देईन.

तर असे हे प्रोग्राम. पण खरं सांगायचं तर गाव या नादाला पोरांच्या गप्पांनी लागलं नाही. लागलं ते कांद्या-टोमॅटोने. बाजारभाव कळायला पूर्वी आकाशवाणी, दुसऱ्या दिवशीचा पेपर, नाहीतर लासलगावला एसटीडी लावून कुणा पाहुण्याला विचारायचं. पाहुणा व्यापारी असला तर त्याचा आकडा आणि शेतकरी असला तर त्याचा आकडा वेगळा. आता सकाळी पहिली बोली झाली की ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या खिशात ती टणकन वाजते: आवक इतके नग, कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके, सरासरी इतके. याहूवर ‘जेवलास का’ विचारायला तासाचे पैसे मोजणाऱ्या आमच्या पिढीला ही शिस्त कधी जमली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा तो आदेश कागदावरून बाजारात यायच्या आधी फोनवर आला होता. लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्गावर माणसं उतरली. तारेची जुनी दहशत मला त्या दिवशी पुन्हा दिसली; फरक इतकाच की तार एका घरात यायची.

द्राक्षवाल्यांच्या ग्रुपची तऱ्हा आणखी निराळी. ऑक्टोबर छाटणीनंतर कुणीतरी पानाचा फोटो टाकतो. पान अर्धं, अंगठा पूर्ण. खाली प्रश्न: ‘डावणी आहे का?’ मग एकजण डावणी म्हणतो, दुसरा भुरी, तिसरा एखाद्या औषधाचं नाव सांगतो जे त्याच्या मेहुण्याच्या दुकानात मिळतं, चौथा हात जोडलेलं चित्र टाकतो, आणि पाचवा कुणाच्या तरी मातोश्रींच्या निधनाची बातमी. पुढची वीस उत्तरं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ती पानाला उद्देशून आहेत की कसं, याचा शेतकऱ्याने आपापल्या बुद्धीने निर्णय घ्यायचा.

या साऱ्याचा बाप जो व्हॉट्सॲप, तो काढणारे जान कूम आणि ब्रायन ॲक्टन हे दोघेही याहूतून बाहेर पडलेले. आणि गंमत अशी की २००९ मध्ये कूमच्या मनात गप्पांचा प्रोग्राम नव्हताच. फोनच्या वहीत नावापुढे एक ओळ दिसावी, एवढंच त्याला हवं होतं: कामात आहे, सिनेमाला आहे, बॅटरी संपत आलीय. म्हणजे पुन्हा चपला! लोकांनी मात्र त्या ओळीतूनच एकमेकांना निरोप द्यायला सुरुवात केली आणि धंद्याची दिशा बदलली. २०१४ मध्ये फेसबुकने तो घेतला, एकोणीस अब्ज डॉलरच्या सौद्यात. त्याच वर्षी नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या.

निळ्या खुणेने नाती किती ताणली यावर पुष्कळ लिहून झालंय. आमच्याकडे तिचा उपयोग वसुलीला होतो. द्राक्षांच्या हंगामात बाहेरून आलेला एखादा व्यापारी माल उचलून पैसे न देता पसार होण्याचे प्रकार नाशिक जिल्ह्यात वरचेवर घडत आले आहेत. त्यामुळे माल खुडण्याआधी आमचे एक नाना सौद्यातल्या माणसाला साधा ‘राम राम’ पाठवतात. खूण निळी होते का बघतात. त्याने ती खूण बंद करून ठेवली असेल तर नाना म्हणतात, ‘ज्याला वाचलेलं लपवायचंय तो घेतलेलंही लपवील.’ आणि रोख मागतात. कॅलिफोर्नियात ज्यांनी ही सोय बनवली त्यांना खाजगीपण वगैरे अभिप्रेत असेल. नाना तिच्याकडे पत म्हणून बघतात, आणि मला नानांचं पटतं.

तरीही एका बाबतीत मी याहूचाच माणूस राहिलो. याहूत अदृश्य व्हायची सोय होती. तुम्ही आत आहात, सगळ्यांचे दिवे तुम्हाला दिसताहेत, पण तुमचा दिवा कुणालाच दिसत नाही. आयसीक्यूत तर कुणाला दिसायचं आणि कुणाला नाही याच्या वेगवेगळ्या याद्या करता यायच्या. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसालाच सुचावी अशी ही युक्ती परदेशात कशी सुचली कोण जाणे. आणि अदृश्य न होताही नुसतं उठून जाता यायचं. तास संपला, पैसे दिले, बाहेर आलात की तुम्ही नव्हतात, आणि नाहीत म्हणून कुणी रागावत नसे. व्हॉट्सॲपने ‘ऑनलाइन’ असल्याचं लपवायची सोय दिली ती थेट २०२२ मध्ये. तोवर मधली कितीतरी वर्षं आपण सगळे दार उघडं टाकून झोपलो. साडेअकराला चुकून फोन बघितला तर मावशी विचारते, ‘झोपला नाहीस?’ आणि मावशी का जागी आहे, हे विचारायचं वय आपलं नसतं.

एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये बंद झालं, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला, आणि सगळ्यांत आधी आलेलं आयसीक्यू सगळ्यांत शेवटी, २६ जून २०२४ ला. तोवर ते रशियन कंपनीच्या मालकीचं झालं होतं. तिघांच्या मरणाची बातमी मला कळली ती व्हॉट्सॲपवरच. पुढे अर्थातच श्रद्धांजलीची रांग होती.

माझं मत विचाराल तर आवाजात आयसीक्यू, धिंगाण्यात याहू, रुबाबात एमएसएन आणि कामात व्हॉट्सॲप, असा निकाल लावीन. माणुसकीत मात्र याहू पहिला. तेव्हा पिंपळगावच्या आणि पंचक्रोशीतल्या सर्व नातेवाइकांना हात जोडून विनंती की, रात्री दहानंतर मी ‘ऑनलाइन’ दिसलो तरी लगेच फोन लावू नये. मी उद्याचा टोमॅटोचा भाव बघत असतो, आणि तो बघून झाल्यावर कुणाशीही बोलायची माझी मनःस्थिती नसते.