पत्ता चुकला तरी घर बांधून मिळेल

जावास्क्रिप्टच्या लोडॅश लायब्ररीत ‘गेट’ आणि ‘सेट’ अशी दोन भावंडं आहेत. दोघांनाही डेटाच्या झाडातला पत्ता द्यायचा: ग्राहक, टिंब, पत्ता, टिंब, पिनकोड. फांदीफांदीने उतरत ती नेमक्या पानापाशी पोचतात. ‘गेट’ जुन्या वळणाचा पोस्टमन. घर सापडलं नाही तर ‘अनडिफाइन्ड’ म्हणत मुकाट परततो. ‘सेट’ला मात्र नाही म्हणणं ठाऊकच नाही. वाटेतली फांदी नसेल तर तो ती उगवून देतो!

परवा मी ‘ग्राहक’चं ‘ग्रहक’ केलं. ना एरर, ना कुरकूर. झाडाला ‘ग्रहक’ नावाची नवी फांदी फुटली, तिच्यावर नवा पिनकोड झळकला, आणि खरा ग्राहक जुन्याच पिनकोडावर पार्सलची वाट बघत बसला.

बरं, पत्ता लिहायचे नियम? जेसन डेटातले पत्ते लिहिण्यासाठी जेसनपाथ आला २००७ साली. त्याचं प्रमाण, आरएफसी ९५३५, निघालं २०२४ साली. मधली सतरा वर्षं प्रत्येक लायब्ररी आपापल्या मगदुराप्रमाणे अर्थ लावत होती.

त्यापेक्षा आमच्या गल्लीतला कुरिअरवाला बरा. पत्ता चुकला की निदान फोन करून खेकसतो तरी.