एका दाढेची बडदास्त

आजारांच्या दरबारातही मानमरातब असतो. हृदयावर शस्त्रक्रिया करून घेतलेला मनुष्य घरी परतला म्हणजे अर्धी आळी शहाळी घेऊन त्याच्या समाचाराला लोटते, गुडघे बदललेल्या बाईंना लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते, मूतखड्याच्या वाट्यालासुद्धा थोडीबहुत सहानुभूती येतेच. परंतु दाताचा रुग्ण मात्र, त्याच्या हिरडीला टाके पडलेले असोत की जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवलेला असो, समाजाच्या लेखी मुळी रुग्ण ठरतच नाही. ही अवहेलना ज्यांना असह्य होते आणि जे तिच्याविरुद्ध रीतसर दाद मागतात, अशा गृहस्थांचा एक वर्ग अलीकडे आपल्या शहरांतून उदयास आला आहे. आमच्या पेठेतील भाऊसाहेब हे त्या वर्गाचे अग्रणी होत.

भाऊसाहेब मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. शेरा मारल्यावाचून कागद पुढे सरकू द्यायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला बाणा निवृत्तीनंतरही अबाधित राहिला आहे. खालची डावी दाढ बरीच वर्षे गैरहजर होती. सूनबाईंच्या आग्रहावरून त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर नवी दाढ, बसवण्याचे ठरले, तेव्हा भाऊसाहेबांनी मृत्युपत्राची प्रत कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि थोरल्या मेहुण्यांना बोलावून घेतले. प्रत्यक्षात झाले ते असे की, डॉक्टरांनी खुर्चीतच बसवून हिरडीत भुलीची सुई दिली, मधल्या वेळात त्यांच्याशी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या, आणि मेहुणे बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्राचे चौथे पान उलटतात न उलटतात तोच कामगिरी फत्ते होऊन रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर आला. रिक्षाने घरी परतणाऱ्या रुग्णाला प्रतिष्ठा कसली? हे शल्य त्यांना दाढेपेक्षा अधिक खुपले.

रक्त थांबावे म्हणून दाताखाली कापसाची घडी दाबून धरायला सांगितली होती. त्या अर्ध्या-पाऊण तासात भाऊसाहेबांना बोलता येईना, आणि मग त्यांच्यातला कारकून जागा झाला. कोऱ्या कागदांवर हुकूम सुटू लागले. 'पेज. कोमटच. गरम आढळल्यास परत.' 'दूरदर्शनसंच मंद करावा. कारण : अस्वस्थता.' खाली तारीख, वेळ आणि लफ्फेदार सही. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, त्या कागदांच्या मागल्या बाजूला वाण्याची यादी केली, हा भाग वेगळा.

दवाखान्यातून मिळालेल्या छापील सूचनापत्राला त्यांनी फर्मानाचा दर्जा दिला. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही, हे कलम त्यांनी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. जखमेवर जमलेली रक्ताची गुठळी हेच तिचे नैसर्गिक आवरण, ते अशा ओढाताणीने निखळते, हे कारणही त्यांनी वारंवार विशद केले. एरवी ज्यांच्या खळखळाटी गुळण्यांनी वाड्याला पहाट झाल्याचे कळे, ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात निःशब्द उभे होते आणि समोरच्या बिऱ्हाडातली मंडळी उशिरा उठली. गालाला रुमालात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावायचा आणि पंधरा मिनिटे काढायचा, याची त्यांनी नोंदवहीच घातली. उशाशी दोन उशा देऊन डोके उंच ठेवले. आणि लाळेत गुलाबी छटा दिसताच 'रक्तस्राव' असा पुकारा करून घर डोक्यावर घेतले. थेंबभर रक्तही लाळेत मिसळले की पुष्कळ दिसते, एक-दोन दिवस असे चालायचेच, हे डॉक्टरांनी फोनवर समजावल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला.

परंतु त्याच संभाषणात त्यांना एक मोलाची माहिती मिळाली. सूज पहिल्या दिवशी फारशी दिसत नाही. ती वाढत जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि मग ओसरते. भाऊसाहेबांनी ताबडतोब आप्तेष्टांना निरोप धाडले : समाचाराला यायचे तर परवा संध्याकाळी.

तिसऱ्या दिवशीचा तो दरबार प्रेक्षणीय होता. डावा गाल टम्म फुगलेला, कपाळाला उगाचच बांधलेला पंचा, आणि गालाची बाजू दाराकडे येईल अशा बेताने फिरवून ठेवलेली आरामखुर्ची. मंडळी आली, पण एकाने पेरू आणले, दुसऱ्याने भाजणीच्या चकल्या, आणि जो तो 'दातच ना?' असे म्हणून स्वतःच्याच दाढेचा इतिहास सांगू लागला. तेव्हा भाऊसाहेबांनी राखून ठेवलेले अस्त्र बाहेर काढले. स्वीडनमध्ये १९५२ साली ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाने, हाड कसे भरून येते ते पाहण्यासाठी, सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे एक उपकरण बसवले होते आणि प्रयोग आटोपल्यावर ते काढू गेले तर निघेना, कारण हाड त्या धातूशी एकजीव होऊन गेले होते. पुढे १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थाच्या जबड्यात त्याने असे स्क्रू बसवले, ते लार्सनसाहेबांना २००६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, पुरले. ही हकिकत सांगताना भाऊसाहेबांचा स्वर सुजेतूनही गंभीर झाला होता. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग कोपऱ्यातल्या आक्कांनी विचारले, "पण मग सशाला दात कुठला बसवला?"

चौथ्या दिवसापासून सूज उतरू लागली. जे नातलग उशिरा आले त्यांना 'चांगले ठणठणीत दिसता की' असे म्हणण्याची बुद्धी व्हावी, हा दैवदुर्विलास. सुदैवाने गालावरचा काळानिळा डाग हिरवट-पिवळा होत हनुवटीखाली मानेकडे सरकला होता. भाऊसाहेबांनी सदऱ्याचे वरचे बटण उघडून तो पुरावा दाखल केला. आठवड्याभराने टाके निघाले, आणि मऊ भात, मुगाची खिचडी, मेतकूट यांच्या राज्याला उतरती कळा लागली.

खरी कसोटी यानंतर सुरू झाली. वर दाढ बसवण्याआधी हाडाने त्या स्क्रूला धरायचे असते आणि त्याला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात कित्येकदा सहा महिनेही लागतात. दुखणे नाही, सूज नाही, आणि तरी प्रकरण निकालात निघालेले नाही! दुसरा कोणी कंटाळला असता, पण ज्यांची हयात 'विचाराधीन' या शेऱ्याखाली गेली त्या भाऊसाहेबांना ही अवस्था मायेची वाटली. 'बाहेरून दिसत नाही, आत काम चालू आहे,' असे सांगून त्यांनी दळण, मंडई आणि विजेचे बिल या तिन्ही जबाबदाऱ्यांतून सूट घेतली. अखेर काकू म्हणाल्या, "अहो, भाजीची पिशवी हातात धरायची आहे, दातांत नव्हे."

न्यायाने सांगायचे तर, या माणसाच्या बडबडीत सार आहे. दुखणे दिवसागणिक कमी होत गेले तर काळजी नको. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ते वाढू लागले, ताप आला, पू दिसला किंवा ओठाची बधिरता भूल उतरूनही गेली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, हे तो प्रत्येकाला बजावतो. कोणी ऐकत नाही, कारण तोवर श्रोता आपल्या दाढेच्या कथेवर आलेला असतो. शिवाय तंबाखूने जखम भरायला आणि हाड धरायला अडथळा होतो, हे कळल्या दिवसापासून भाऊसाहेबांनी चंचीला हात लावलेला नाही. काकूंच्या जन्मभराच्या विनवण्यांनी जे झाले नाही, ते एका स्क्रूच्या किमतीने झाले, आणि काकू ते अधूनमधून बोलून दाखवतात.

दाढ गेल्या पंधरवड्यात बसली. तिला कीड लागत नाही, मात्र भोवतालच्या हिरडीची निगा राखली नाही तर तीही हलू शकते, असे भाऊसाहेब चकली मोडता मोडता सांगतात. आता वरच्या उजव्या दाढेची तारीख मार्गशीर्षात ठरली आहे. वरचे हाड मऊ असल्यामुळे मुक्काम यंदा अधिक लांबेल. समाचाराला यायचे त्यांनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यावे. पेरू आणू नयेत.