लाखमोलाची मोहोर

एखादी गोष्ट कायमची पक्की झाली, आता तिच्यात काना-मात्रेचाही फेरफार संभवत नाही, असे सांगावयाचे असले म्हणजे आपण मराठी माणसे तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले असे म्हणतो. शिवकाळातील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब असे. आणि या मोर्तबाचे प्रयोजन एवढेच की, त्याच्याखाली कोणा उत्साही कारकुनाने, कितीही सदिच्छेने का होईना, एक ओळदेखील वाढवू नये. त्या काळच्या दफ्तरदारांना मनुष्यस्वभावाची पारख होती, यात शंका नाही.

सांप्रतच्या सरकारने ही परंपरा टाकून दिली, असे कोणी म्हणत असेल तर ते निखालस खोटे आहे. ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ हा कायदा, ज्याचे नाव एका दमात व न अडखळता उच्चारणारा इसम नशेत नाही असे खुशाल समजावे, तो मोहरबंदीच्या सोपस्कारांनी अगदी गच्च भरलेला आहे. ठाण्यात आलेला मुद्देमाल अंमलदाराने आपल्या ताब्यात घ्यावा आणि नमुन्यांवर त्याचीही मोहोर पडावी. जप्तीपासून ४८ तासांत वरिष्ठांकडे सविस्तर अहवाल जावा. १९८९ च्या स्थायी आदेशाने तर अफू, गांजा आणि चरस यांचा नमुना २४ ग्रॅमचा, इतर द्रव्यांचा ५ ग्रॅमचा, तोही दोन प्रतींत, आणि ७२ तासांत प्रयोगशाळेकडे रवाना, इथवर बारकावे ठरवून दिले. त्याच वर्षी कायद्यात ५२-अ हे कलम आले आणि मालाची यादी, छायाचित्रे व नमुने यांना दंडाधिकाऱ्यांची साक्ष लागली. नमुना काढावयाचा तो त्यांच्याच देखरेखीखाली, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मोहनलाल खटल्यात बजावल्यावर २०२२ साली त्याचे स्वतंत्र नियमही झाले.

या साऱ्या व्यवस्थेत कायद्याने कोणाही मनुष्यप्राण्यावर विश्वास टाकलेला नाही. छापा घालणाऱ्यावर नाही, ठाण्याच्या अंमलदारावर नाही, मुद्देमाल कारकुनावर नाही, आरोपीवर तर नाहीच नाही. सारा भरवसा ठेवला आहे तो पळसाच्या आणि बोरीच्या फांदीवर वस्ती करणाऱ्या एका क्षुद्र किड्याच्या स्रावावर, म्हणजे लाखेवर.

ही लाख प्रत्यक्ष वितळताना पाहण्याचे भाग्य मला २०१४ च्या पावसाळ्यात लाभले. मेथीची जुडी घेऊन मंडईतून घरी निघालो असता एका पोलीस चौकीच्या पायरीवरून हवालदारांनी हाक मारली, “काका, जरा आत या. पंच पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.” पंचाच्या अंगी कोणते गुण लागतात हे मला ठाऊक नव्हते, घाईत न दिसणे हा त्यांपैकी एक असावा. आत टेबलावर एक पोते होते, बाकावर मान खाली घातलेला एक पोरसवदा इसम होता, आणि ‘आम्हां पंचांना बोलावण्यात आल्यावरून’ येथपासून ‘वाचून पाहिला, बरोबर आहे’ येथपर्यंत पंचनामा अगोदरच लिहून तयार होता. आम्ही पंच होण्याचेच काय ते राहिले होते.

शेजारच्या किराणा दुकानातून काटा आला. पोते चढले. २० किलो ७०० ग्रॅम.

“आणि पोत्याचं वजन?” मी बावळटपणे विचारले.

“काका,” हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले, “माल काय तो ओंजळीत घेऊन चालला होता?”

यावर मला उत्तर सुचले नाही. कायद्याच्या दृष्टीने गांजा म्हणजे रोपाचे फुलोऱ्यावर वा फळावर आलेले शेंडे, सुटी पाने आणि बिया त्यात धरावयाच्या नाहीत, आणि वीस किलोंच्या वर गेला की त्याचे ‘व्यापारी प्रमाण’ होऊन किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरलेली, हे मला मागाहून वाचल्यावर कळले. म्हणजे त्या सातशे ग्रॅमांत गोणपाट किती आणि पाचोळा किती, यावर एका पोराची दहा वर्षे तोलली जात होती, आणि काटा मात्र डाळतांदळाचा होता.

मग मोहरबंदीचा विधी सुरू झाला. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद करण्यात आला. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली. नमुन्याच्या पुडीला बांधलेल्या सुतळीच्या गाठीवर लालभडक थेंब ओघळला, आणि त्या गंभीर क्षणी असे निष्पन्न झाले की चौकीची पितळी मोहोर कपाटात आहे, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात आहे आणि साहेब बंदोबस्ताला गेले आहेत. लाख कोणासाठी थांबत नाही. तेव्हा हवालदारांनी प्रसंगावधान राखून खिशातले एक रुपयाचे नाणे काढले आणि तेच तिच्यावर दाबले. तीन सिंह उमटले. त्यांच्या पायांखालचे ‘सत्यमेव जयते’ हेही उमटले, फक्त नाण्यावरची अक्षरे उलटी उमटतात तसे उलटे. आम्ही दोघा पंचांनी लेबलावर सह्या केल्या. तोवर चहा आला, आणि हिशेबाला सुटे कमी पडत होते म्हणून ते नाणे चहावाल्या पोराच्या हाती गेले.

मोहोर लावणाऱ्याच्या हाती मोहोर उरू नये, ती तटस्थाकडे सोपवावी, म्हणजे पुडी मागाहून उघडून पुन्हा बंद करण्याचा संशयच राहत नाही, असा या विधीतला जुना संकेत आहे. चौकीने तो माझ्या कल्पनेपलीकडे पाळला असे म्हटले पाहिजे. कारण त्या मुद्देमालाची मुद्रा त्या संध्याकाळपासून आसेतुहिमाचल खेळती आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अमात्य राक्षसाची एकच अंगठी चाणक्याच्या हाती लागते, आणि तिची मुद्रा उठवलेल्या एका पत्रापायी तो बुद्धिमान मंत्री सर्वस्व गमावतो. ज्याच्या हाती मुद्रा, त्याच्या मुठीत सत्य, एवढे त्या नाटककाराला पुरते उमगले होते. पण त्याचे नाटक आमच्या पोलीस प्रशिक्षणाला नेमलेले नसावे.

मोहरबंद माल मालखान्यात गेला म्हणजे त्याच्या जिवावरचे संकट टळले, असे मात्र नाही. २०२२ साली मथुरेच्या दोन ठाण्यांतला मिळून ५८१ किलो गांजा उंदरांनी फस्त केल्याचे पोलिसांनी न्यायालयास कळविले, तेव्हा न्यायाधीशांनी अरसिकपणे त्याचा पुरावा मागितला. २०२४ साली धनबादकडच्या उंदरांनी १० किलो भांग आणि ९ किलो गांजा खाल्ल्याची हकीकत न्यायालयापुढे आली. या मूषकांना ना पंच लागतात ना दंडाधिकारी; मालाची विल्हेवाट वेळेवर लावावी ही न्यायालयाची आज्ञा, इतर कोणाला साधो न साधो, त्यांनी शिरोधार्य मानली आहे.

मुद्देमाल न्यायालयाच्या कोठडीत पोहोचला तरी निर्धास्त राहू नये. तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर १९९० साली एका ऑस्ट्रेलियन प्रवाशाच्या अंतर्वस्त्रात ६१.५ ग्रॅम चरस सापडला. सत्र न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. आणि उच्च न्यायालयात असे दिसून आले की ते वस्त्र त्या गृहस्थाच्या अंगात मुळी जातच नाही. तो सुटला आणि मायदेशी गेला. ते वस्त्र न्यायालयाच्या ताब्यातून बाहेर नेऊन, आखूड शिवून परत ठेवल्याचा आरोप पुढे झाला, आणि त्या आरोपाची कारवाई पुढे चालू द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत २०२४ साल उजाडले.

अशा रीतीने सरकार पक्ष मोठ्या हौसेने लाखेचे घर उभारतो. वारणावतातल्या त्या घराप्रमाणे ते यथाकाल पेट घेते आणि आत कोंडलेला मनुष्य भुयारातून सुखरूप बाहेर पडतो. महाभारतात घर बांधणारा पुरोचन त्याच आगीत जळाला. आमच्या पुरोचनाची नुसती बदली होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे ‘तांत्रिक कारणावरून सुटका’ असा मथळा देतात, आणि आपण कायद्याच्या पळवाटांना शिव्या देत चहा पितो. पण ज्या कायद्यात माल जवळ सापडला की त्याचा खुलासा करण्याचा बोजा आरोपीवर पडतो, त्यात ‘तो माल हाच’ एवढे सिद्ध करणे ही पळवाट कशी? तोच तर खटला आहे. मोहोर संशयास्पद ठरली म्हणजे सुटलेला अपराधी होता की अडकवलेला निरपराध, हे सांगणारे कोणीच उरत नाही. केवळ ५२-अ चे पालन झाले नाही एवढ्यावरून खटला कोसळत नाही, मालाविषयी संशय उरला तर मात्र त्याची किंमत सरकार पक्षाला मोजावी लागेल, असे २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. या निकालाचा पूर्वार्ध चौकीचौकीत पाठ झाला असेल.

मला साक्षीचे समन्स आले ते सात वर्षांनी. पोरसवदा इसमाच्या कानशिलांवर एव्हाना पांढरे केस होते. बचाव पक्षाच्या वकिलांनी पुडी माझ्या हाती दिली. लाखेचा टवका उडाला होता. सिंह नव्हते, सत्यही नव्हते, उलटे वा सुलटे.

“लेबलावरची ही सही आपलीच ना, काका?”

सही माझीच होती.

“आणि सहीखालची ही ओळ?”

मी चष्मा पुसला. माझ्या सहीखाली, निराळ्या शाईत आणि सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘सदर नमुना पंचांसमक्ष पितळी मोहरेने सीलबंद केला.’