आधी मजले, मग नळ

पुण्याभोवतालच्या कुठल्याही गावात बारा मजली इमारतीच्या प्रस्तावावर सभा भरली की बाजू दोन आणि भाषण एकच असतं : "गावाचं गावपण राहिलं पाहिजे." विरोधक हे म्हणतात, कारण इमारत नको असते. समर्थकही हेच म्हणतात, कारण बिल्डरच्या माहितीपत्रकात गावपण चौरस फुटाच्या भावाने विकायला काढलेलं असतं. शुद्ध हवा, डोंगराचा देखावा. वरच्या मजल्याला जादा आकार.

गावपणाचे सर्वांत कडवे राखणदार गावचे नसतातच. ते आठ-दहा वर्षांपूर्वी शहरातल्या कोथरूडहून आलेले असतात. त्यांच्या पाच गुंठ्यांच्या एनए (बिगरशेती) प्लॉटवर आधी ज्वारी उभी असायची. ती त्यांनी पाहिली नाही, कारण ताबा मिळाला तो कापणीनंतर. आता समोरच्या रानात पोकलेन शिरला की यांना शेती आठवते. गावकऱ्यांचं गणित याहून सरळ. आराखड्यात रहिवासी पट्टा पिवळा दाखवतात, म्हणून प्रश्न एकच : "जमीन पिवळी झाली का?" आपली झाली तर विकास, भावकीची झाली तर भ्रष्टाचार.

एक हिशेब मात्र सभेत कुणी मांडत नाही. एकराचे 40 गुंठे. पाच-पाच गुंठ्यांचे बंगले काढले तर रस्ते आणि मोकळी जागा सोडून एकरात जेमतेम सहा बसतात. चारशे कुटुंबं अशी वसवायची तर पासष्ट एकरांच्या वर रान गेलं. बारा मजले चढवले तर हीच कुटुंबं चार-पाच एकरांत मावतात. म्हणजे शेत खाण्यात बंगलाच पुढे. तो बसून खातो म्हणून दिसत नाही, इमारत उभ्याने खाते इतकंच.

मग इमारतीला हार घालायचा? थांबा. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. रस्ता जितका रुंद तितका एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) जास्त, हे तिचं सूत्र. सूत्राला नाव ठेवायला जागा नाही. पण रस्ता बऱ्याचदा नकाशातच असतो. कागदावर अठरा मीटर, जागेवर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की स्कूलबसने वळणापर्यंत मागे जायचं. पाण्याचंही तेच. सार्वजनिक नळ येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डर लिहून देतो. सोसायटी ताब्यात आली की हमीपत्र फायलीत राहतं आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं.

महापालिकेत गेलं की सुटतं म्हणाल, तर 2017 मध्ये 11 गावं गेली, 2021 मध्ये आणखी 23. नांदेड, किरकटवाडी ही दुसऱ्या खेपेतली. खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर. 2025 च्या जानेवारीत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण याच पट्ट्यात वाढू लागले, संशय पाण्यावर गेला आणि उरलेल्या पुण्याला बातमी लागली की इथे विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून नळाला सोडतात. धरण उशाला, कोरड घशाला, असं म्हणायची सोयही राहिली नाही. पाणी येत होतं, हीच तक्रार.

आणि नियोजन? तेही झालं. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) 2021 मध्ये शेकडो गावांचा प्रारूप विकास आराखडा जाहीर केला. हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये सरकारने आराखडाच रद्द करायचं ठरवलं. आराखडा रद्द करता येतो; मधल्या चार वर्षांत चढलेले मजले तसेच राहतात.

तेव्हा उंच की बुटकं, हा वाद पुरे. ठराव एका ओळीचा करा : जेवढं पाणी नळाला आणि जेवढा मैला वाहून न्यायची सोय, तेवढीच घरं, बंगल्यालाही हाच नियम. बंगलेवाले गप्प बसतील, कारण त्यांची बोअर दर उन्हाळ्यात आणखी खाली जाते आणि सेप्टिक टँक ओढ्याकडे झिरपतो. बिल्डर म्हणेल, प्रकल्प रखडेल. पण ठराव मतदानापर्यंत जाणारच नाही, कारण त्याला सूचक मिळणार नाही. का, ते समजून घ्यायचं असेल तर सभेतून उठून बाहेर या, उभ्या असलेल्या टँकरवर मालकाचं नाव वाचा आणि परत आत जाऊन व्यासपीठाकडे बघा.