तीनशेचे साडेचारशे

"तीनशेचे साडेचारशे होतात," असं मी जेवताना म्हणालो आणि बाबांचा घास हातातच राहिला. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेपलीकडे आयुष्यात पाऊल न टाकलेला माणूस तो.

"कुठल्या बँकेत?"

"बँकेत नाही हो बाबा. मेगाहर्ट्झ."

"किती दिवसांत?"

"एका रात्रीत. फक्त जरा नेलपॉलिश लागतं."

बाबा यावर काही बोलले नाहीत. आईने ताक वाढता वाढता डाव्या हाताने माझं कपाळ चाचपून पाहिलं. १९९९ सालचा जानेवारी होता. सोसायटीचं कर्ज काढून घरात आलेला कॉम्प्युटर जेमतेम महिन्याचा झाला होता आणि मी तो अभ्यासासाठी मागितला होता, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. मीही विसरलो नव्हतो, फक्त कुठला अभ्यास ते मी कधी बोललो नव्हतो.

प्रकरण असं होतं. इंटेलने ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३०० ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. मदरबोर्ड त्याला ६६ मेगाहर्ट्झचा ठोका देणार, हा त्याला आत साडेचाराने गुणणार, झाले तीनशे. साडेचार हा आकडा कारखान्यातच कुलूपबंद. पण ठोका मदरबोर्डचा, म्हणजे आपल्या घरचा! तो शंभरचा केला की थेट साडेचारशे. त्या दिवाळीत दुकानातल्या सगळ्यात महागड्या पेंटियम टूचा वेग तेवढाच होता. दोघांची घडण मुळात एकाच घराण्यातली, म्हणून बहुतेक सेलेरॉन हा ताण हसत सोसायचे. एकाच कढईतली भजी थोरल्या भावाने एसी हॉटेलात आणि धाकट्याने हातगाडीवर विकावीत, तसलं ते. आम्ही हातगाडीवरून घेतली आणि खुर्चीत बसून खाल्ली.

आम्ही म्हणजे चौघं. फोनवाला, पंखेवाला, वहीवाला आणि मी. फोनवाल्याचे वडील टेलिफोन खात्यात होते, एवढ्या एका पुण्याईवर तो आमचा पुढारी झाला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशाला इंटरनेट खुलं केलं खरं, पण पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात ते स्वातंत्र्य फ्लॉपीतून यायचं. फोनवाला रात्री अकरानंतर, घरचे झोपले की मोडेमवर उशी दाबून जोडणी करायचा (त्या मोडेमचं किंचाळणं ज्याने ऐकलंय त्याला उशीचं कारण सांगायला नको), परदेशातल्या लोकांनी काय काय उद्योग केलेत ते उतरवून घ्यायचा आणि सकाळी सायकलवरून १.४४ एमबी ज्ञान घेऊन आमच्याकडे यायचा. कधी कधी वाटेत फ्लॉपी बिघडायची. मग तो तोंडी सांगायचा, आणि तोंडी ज्ञानात मेगाहर्ट्झ नेहमी थोडे जास्त असायचे.

याच फ्लॉप्यांतून आम्हाला दोन दैवतं मिळाली. एक जर्मनीचा थॉमस पाब्स्ट. माणूस पेशाने डॉक्टर, पण १९९६ पासून रोग्यांऐवजी मदरबोर्ड तपासत बसलेला. दुसरा आनंद लाल शिंपी. एप्रिल १९९७ मध्ये तिकडे अमेरिकेत त्याने प्रोसेसर, मदरबोर्ड यांच्या चाचण्या घेऊन लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं वय होतं १४. हे मी फोनवाल्याच्या घरी उत्साहाने सांगितलं ही चूक झाली.

"शिंपी? म्हणजे आपल्याकडचाच का रे?" काकूंनी पोहे परतता परतता विचारलं.

"माहीत नाही काकू."

"आईवडील काय करतात?"

"त्याने प्रोसेसरच्या चाचण्या घेतल्यात काकू, स्थळ म्हणून नाही सांगितलं."

"चौदाव्या वर्षी?" काकूंनी कालथा थांबवून आपल्या एकोणीस वर्षांच्या चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीव त्या वेळी जुन्या दाढीच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढत होते. पुढे दोन वर्षं त्या घरात दुधाची पिशवी आणायला उशीर झाला तरी आनंद शिंपीचं नाव निघायचं.

तर नेलपॉलिश. त्या काळी प्रोसेसर कॅसेटसारखा उभ्या खाचेत बसवायचा असायचा आणि त्याच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असायची. त्यातली बी-२१ नावाची पट्टी मदरबोर्डला कळवायची, की मी गरीबाघरचा, मला ६६ च द्या. तेवढी एक पट्टी झाकली की मदरबोर्डाला हा शंभराच्या तोलाचा गडी वाटतो. आम्ही आधी सेलोटेप लावून पाहिली. खाचेत सरकवताना ती गुंडाळली जाऊन शेजारच्या पट्टीवर बसली, आणि मशीन सुरूच होईना. तो पाऊण तास मी बाबांच्या कर्जाचे हप्ते मोजण्यात घालवला. मग फोनवाल्याने धाकट्या बहिणीच्या खणातून गुलाबी नेलपॉलिश ढापलं. चौघांपैकी एकाचाही हात स्थिर नव्हता. शेवटी तीच दारात येऊन उभी राहिली, "माझी बाटली कुठंय?" म्हणाली, मग आमच्या हातातला प्रकार पाहिला, खाली बसली, काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर थेंब घेतला आणि एका फटक्यात ती पट्टी रंगवून, फुंकर मारून, बाटली घेऊन निघून गेली.

दहा मिनिटं वाळवलं. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली: ४५०.

वहीवाल्याने वेळ लिहिली. वहीवाला कॉमर्सचा, त्याला आतल्या कशाला हात लावायची परवानगी नव्हती आणि इच्छाही नव्हती. पण दोनशे पानी फुलस्केप वहीत तो तारीख, वार, खोलीचं तापमान, वेग आणि शेरा असे रकाने आखून सगळं टिपायचा. पहिल्या पानावर डोक्याशी 'श्री' होतं. शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक', 'अडकले', 'वास आला' एवढे तीनच शब्द आलटून पालटून.

आता या साडेचारशेवर आम्ही काय केलं, असं कुणी विचारलं की आमची पंचाईत व्हायची. प्रामाणिक उत्तर असं, की आम्ही वेग मोजला. मोजून झाला की वाढवला, वाढवला की परत मोजला. मोजायला सुपर पाय नावाचा प्रोग्रॅम होता. तोकियो विद्यापीठातल्या मंडळींचा. तो पायची किंमत १०,४८,५७६ स्थळांपर्यंत काढायचा, एकोणीस फेऱ्यांत. आम्ही पडद्यासमोर मांडी घालून त्या फेऱ्या बघत बसायचो. फोनवाल्याचे आजोबा निवृत्त गणित शिक्षक. एकदा मागे येऊन उभे राहिले.

"काय काढताय?"

"पाय, आजोबा. दहा लाख स्थळांपर्यंत."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आम्ही बावीस सप्तमांशात चौतीस वर्षं काढली," ते म्हणाले. "कुणाचं काही अडलं नाही."

पंखेवाल्याचं खातं उष्णतेचं. वेग वाढला की प्रोसेसर तापणार आणि नारायण पेठेतल्या पत्र्याखालच्या खोलीत एप्रिलमध्ये आम्हीच तीनशेला अडकायचो, तिथे त्याचं काय! पंखेवाल्याने कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं काढलं आणि समोर टेबलफॅन लावला. घरच्यांचा टेबलफॅन. त्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांनी पुठ्ठ्याने वारा घेत रात्री काढल्या. एवढं करूनही मे महिन्यात मशीन अडकायचंच. मग रजया माळ्यावर टाकाव्यात तसं आम्ही एप्रिलअखेर कापसाच्या बोळ्याने नेलपॉलिश पुसायचो आणि पावसाळ्याने गारवा धरला की परत लावायचो. बहिणीला तोवर याची सवय झाली होती. दर मोसमाला ती रंग बदलायची.

त्यात वाड्याला अर्थिंग नव्हतं. अशा ठिकाणी कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यातून लोखंडी कॅबिनेटमध्ये थोडी वीज झिरपते आणि हात लागला की मुंग्या येतात. ताकद फार नसते, पण माणूस दचकतो. आम्ही शहाणपणा करून कॅबिनेटपासून एक वायर नळाच्या पाइपला बांधली. मुंग्या थांबल्या. आमच्या. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मावशी चौकात सगळ्यांना सांगत होत्या, की पाणी भरताना हाताला काहीतरी 'चावतंय'. वायर सोडली. शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी 'मावशी' असं लिहिलंय.

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या दुकानांत न मिळणाऱ्या वस्तूंसाठी वर्षातून दोनदा मुंबईची वारी व्हायची. पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस, दादरला उतरून पूल ओलांडायचा, स्लो लोकलने ग्रँट रोड. पुढे लॅमिंग्टन रोड. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन रस्ता विचाराल तर लोक तुम्हाला दवाखान्यात पाठवतील. तिथल्या काउंटरवर आम्ही प्रोसेसर उलटा करून पाहायचो. अंगावर एसएल२डब्ल्यूएम छापलंय का, मलेशियाचा आहे की कोस्टा रिकाचा. कोस्टा रिकाचा नग जास्त ताणतो अशी आमच्या पंथात श्रद्धा होती. पत्रिका, गोत्र, नाडी सगळं बघितल्याशिवाय आम्ही पुढे बोलत नसू. चौथा डबा परत केला तेव्हा दुकानदाराने हात जोडले. "भाईसाब, प्रोसेसर लेना है के शादी करनी है?"

२००० साली एएमडीचा ड्युरॉन आला आणि नेलपॉलिशचं युग संपून पेन्सिलीचं सुरू झालं. या चिपवर एल-१ नावाचे सोनेरी ठिपके होते, जोडीजोडीने. जोडीतले दोन ठिपके मऊ पेन्सिलीने एकमेकांना जोडले की ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि गुणकाचं कुलूपच उघडतं. कोट्यवधी डॉलरच्या कारखान्याचं कुलूप आणि किल्ली दीड रुपयाची! नटराज घ्यायची की अप्सरा, यावर पंखेवाला आणि फोनवाला दोन दिवस बोलत नव्हते. शेवटी नटराज. तिला ब्लेडने टोक काढलं, आजोबांचं पंचांग वाचायचं भिंग मागून आणलं आणि बहिणीला बोलावलं. चैत्रात दारापुढे पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी घालणारी मुलगी ती. भिंगातून पाहून म्हणाली, "एवढंच? चार रेघा?" श्वास रोखून तिने त्या ओढल्या. पाचवी ओढायला निघाली होती, डिझाइन पुरं दिसावं म्हणून. चौघांनी मिळून हात धरला.

चिप उघडली. वेग वाढला. आणि तिसऱ्या दिवशी हीटसिंकची क्लिप बसवताना माझा स्क्रू-ड्रायव्हर सटकला. त्या प्रोसेसरची मधली नखाएवढी चकती उघडीच असायची, झाकणाशिवाय. तिचा कोपरा उडाला. आवाज आला तो खडीसाखर दाताखाली फुटावी तेवढाच. वहीत त्या दिवसाचा शेरा माझ्याच अक्षरात आहे, कारण वहीवाला लिहायला तयार नव्हता. प्रोसेसर पंखेवाल्याचा होता. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. पण आजतागायत माझ्या हातात तो लिंबू सरबताचा काचेचा ग्लास देत नाही, स्टीलचा देतो.

३० ऑगस्ट २०२४ ला शिंपीचं आनंदटेक हे संकेतस्थळ बंद झालं. शिंपी स्वतः तर दहा वर्षांपूर्वीच तिथून उठून ॲपलमध्ये गेला होता. बातमी फोनवाल्यानेच पाठवली, रात्री अकरानंतर. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याकडे जमलो. आमचा वाडा आता सात मजली आहे. माझं जुनं मशीन मात्र त्याच्या माळ्यावर होतं, ते उतरवलं. काकूंनी त्याच्यावर इतकी वर्षं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. प्रोसेसर उपसून पाहिला तर बी-२१ वर शेवटचा रंग तसाच होता, मोरपंखी. बहीण आता दातांची डॉक्टर आहे. तिने खिशातला टॉर्च काढून नीट निरखलं आणि म्हणाली, "अजून घट्ट आहे."

बटण दाबलं. बराच वेळ काही नाही. मग एक बीप, आणि ४५०.

"आता यावर काय करणार?" तिने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फोनवाल्याने सुपर पाय सुरू केलं. काकू चहा ठेवून गेल्या, कपांसोबत एक स्टीलचा पेला. सातवी फेरी, आठवी, नववी. पंखेवाल्याने हीटसिंकवर तळहात टेकवला, ताप बघतात तसा. चौदाव्या फेरीला आतला पंखा घरघरला आणि कुणीच हललं नाही. वहीवाल्याने पेनाचं टोपण काढलं होतं.