घरातील कॅथलिक आई : वापर, निगा व खबरदारी

(केवळ वहिनींसाठी. दादाने वाचू नये, मम्मीने तर नाहीच.)

प्रास्ताविक. दादाचं लग्न जानेवारीत ठरलं. वहिनी वरोऱ्याच्या. त्यांच्या माहेरी देवघर आहे, उपास आहेत, कडक स्वभावाची आईही आहे, पण कॅथलिक आईचा पूर्वानुभव नाही. तो एकदम यावा आणि धक्का बसावा असं होऊ नये, सबब ही पुस्तिका. लेखिकेला या विषयाचा जन्मापासून सराव आहे.

कलम १ : पूर्वपीठिका. चंद्रपुरात मम्मी आली ती केरळातून, नर्स म्हणून. तिच्याआधी फादर आले. १९६२ साली रोमने चांदा मिशन केरळच्या सी.एम.आय. संघाच्या फादरांकडे सोपवलं, १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला, बिशपांचं घर बल्लारपूरला. हे सन पाठ करायची गरज नाही. मम्मी ते भाजी निवडताना सांगते, आणि तिच्या सांगण्यातून असा समज होतो की रोमने सगळी तयारी ती बल्लारशा स्टेशनवर उतरणार म्हणूनच करून ठेवली होती. हा समज दूर करू नये.

कलम २ : संध्याकाळ. हे कलम नीट वाचावं. बाकीची चाळली तरी चालतील.

संध्याकाळी सात वाजता रोझरी. बैठकीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, खाली लाल बल्ब. तो दिवसरात्र चालू असतो आणि लाईटबिलाच्या चर्चेत त्याचं नाव काढायचं नसतं. रोझरीत पाच दशकं असतात. सुरुवातीचे तीन धरून ‘नमो मरिया’ त्रेपन्न वेळा होतो. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली नव्याने घातली. मम्मीने ती मान्य केली आहेत, पण सुनेला सासूची नवी साडी मान्य असते तितपतच. गुरुवारी ती पुस्तकात बघून म्हणते आणि बाकीचे दिवस तोंडपाठ असल्याचा आवाज मुद्दाम मोठा करते.

भिंतीला टेकून बसायची जागा तसबिरीच्या डावीकडे, दाराजवळ. तिथे पंख्याचा वारा लागतो. ती माझी जागा आहे, पण लग्नाची भेट म्हणून तुम्हाला देत आहे. गुडघ्याखाली टॉवेलची चौपदरी घडी घ्यावी, उशी घेऊ नये. उशी घेणाऱ्याची भक्ती कमी समजली जाते.

आता मे महिना. मे हा मरियेचा महिना, रोझरी घराघरांत फिरते आणि एका खोलीत वीस-वीस माणसं बसतात. बाहेर दिवसभर सेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री तापलेलं चंद्रपूर, भिंतींतून अजून आच येते आहे, आणि अशा वेळी मम्मी उठून कूलर बंद करते. कारण कूलरच्या आवाजात प्रार्थना ऐकू येत नाही. कोणाला? देवाला, की मागच्या रांगेत बसलेल्यांना? हा प्रश्न मी दहावीत असताना विचारला होता. तुम्ही विचारू नका. वाळ्याच्या ताटीवर आधीच भरपूर पाणी मारून ठेवायचं आणि शेवटचा क्रूस काढता काढता हात बटणावर न्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे. एक सवलत मात्र आहे. लितानी सुरू झाली की कुकर लावता येतो. तीन शिट्ट्या आणि लितानी बरोबर एका वेळी संपतात. शिट्टी चालते, कूलर चालत नाही.

रोझरीनंतर विनंत्या. सावध राहायचं ते इथेच. विनंती म्हणजे मोठ्याने केलेली प्रार्थना, म्हणजे ज्याच्यासाठी ती केली तो ऐकतो, शेजारी ऐकतात, आणि मे महिना असेल तर वीस माणसं ऐकतात. मम्मी कधी रागावत नाही, ओरडत नाही, हात उगारत नाही. ती विनंती करते. "गणितात कमी मार्क पडूनही टीव्ही बघणाऱ्या मुलांना सद्बुद्धी मिळावी म्हणून." "महिनाभरात घरी फोन न करणाऱ्या मुलग्यांसाठी." एकदा तर, "भांडी घासायला ठेवून झोपी जाणाऱ्या सर्वांसाठी." सर्वांसाठी! घरात आम्ही तिघंच होतो. हिच्यावर तोडगा नाही. वीस वर्षं शोधते आहे.

मग स्तुती. प्रार्थना संपली की प्रत्येकाने आपल्याहून मोठ्यांपुढे जाऊन, हात जोडून येशूची स्तुती म्हणायची. क्रम वयाचा. तुम्ही माझ्याहून वयाने लहान पण नात्याने मोठ्या, तेव्हा स्तुती कोणी कोणाला द्यायची हा मुद्दा मम्मीने विचारार्थ राखून ठेवला आहे. निकाल लागेपर्यंत दोघींनी एकदमच म्हणावं.

कलम ३ : खाण्याचं पंचांग. ईस्टरआधी पन्नास दिवस मांस, मासे, अंडी बंद. त्याची सुरुवात विभूती सोमवारी होते, लॅटिन पंथाच्या कॅथलिकांसारखी बुधवारी नाही, आणि हा फरक मम्मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगेल. नाताळाआधी पंचवीस दिवस. सप्टेंबरच्या पहिल्या आठ दिवसांत मरियेचा उपास. झाले त्र्याऐंशी. शिवाय वर्षभराचे शुक्रवार. आता तुमच्याकडून श्रावण आला, आणि गजानन महाराजांचा गुरुवार आला. दादाला कॅलेंडर घेऊन हिशेब करायला बसवलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मम्मीचा चेहरा उलट उजळला. तुमचा गुरुवार तिला फार आवडला आहे. गुरुवार-शुक्रवार जोडून आले की भाजी एकदाच आणायची, असं ती म्हणाली.

या पंचांगाचा चंद्रपूरच्या पंचांगाशी उभा दावा आहे. धुळवड दरवर्षी पन्नास दिवसांच्या उपासात सापडते. अख्ख्या मोहल्ल्यात मटण रटरटत असतं, तर्रीचा वास खिडकीतून येतो आणि आपल्याकडे मुंगण्याच्या शेंगा. पोळ्याची करही कधीकधी सप्टेंबरच्या त्या आठ दिवसांत येते. २०२४ ला पोळा २ तारखेला होता, म्हणजे कर ३ ला. शेजारच्या काकूंनी डबा आणला. मम्मीने हसून घेतला, फ्रीजरमध्ये ठेवला आणि ९ तारखेला सकाळी आठ वाजता गरम केला. नाश्त्याला.

कलम ४ : फ्रिजमधली निळ्या झाकणाची बाटली पिण्याची नाही.

कलम ५ : वस्तू हरवल्यास संत अंतोनी यांच्याकडे तक्रार नोंदवावी. पाच रुपये डब्यात. वस्तू सापडली तर अंतोनी, नाही सापडली तर तुम्ही नीट शोधलं नाही.

कलम ६ : केक, आणि एका बरणीची हकिकत. केरळात नाताळच्या केकचे मनुके रममध्ये भिजवतात. आमचा धर्मप्रांत म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा. वर्ध्यात गांधीजींच्या पुण्याईने दारूबंदी जुनी, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरातही लागू झाली. म्हणजे बिशपांचा झाडून सगळा मुलूख कोरडा, वेदीवरचा द्राक्षारस तेवढा वगळून. मम्मीकडे एक चिनीमातीची बरणी होती. तीत नाताळाआधी काळ्या द्राक्षांचं काय व्हायचं ते मी इथे लिहीत नाही. एप्रिल २०१५ मध्ये तिने ती बरणी घासून, उन्हात वाळवून तीत लिंबाचं लोणचं घातलं. २०२१ साली जिल्ह्यातली बंदी उठली, तेव्हा पप्पांनी मोठ्या आशेने बरणीकडे पाहिलं. "लोणचं चांगलं होते तिच्यात," मम्मी म्हणाली, आणि तो विषय बंद झाला.

मनुक्यांसाठी संत्र्याचा रस वापरायचा. आंबिया बहराची नागपुरी संत्री डिसेंबरात मिळतातच. रस कोमट करून मनुके, काळ्या मनुका, चेरी त्यात एक रात्र ठेवायच्या. रममध्ये फळं महिना महिना राहतात, रसात राहत नाहीत. दोन दिवसांच्या वर गेलं की फसफसतं, मग बंदी असो की नसो. साखर जाळताना तिचा रंग घट्ट चहासारखा झाला की गॅस बंद करायचा, आणि गरम पाणी कडेने घालायचं, मध्ये नाही. मध्ये घातलं तर उडतं. माझ्या डाव्या मनगटावर डाग आहे, दाखवीन.

कलम ७ : आप्पम. उन्हाळ्यात पीठ तीन तासांत आंबट होतं, हिवाळ्यात सकाळपर्यंत ढिम्म हलत नाही. डिसेंबरात भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून दादाच्या पलंगाखाली ठेवतात. लग्नानंतर ही जागा बदलावी अशी माझी शिफारस आहे. तांदळाबाबत मम्मीचं मत विभागलेलं आहे. आप्पमला केरळचाच तांदूळ हवा, पण रोजच्या भाताला एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी ते वाण शोधलं हे ती येणाऱ्या प्रत्येक केरळी पाहुण्याला सांगते, जणू दादाजी आमच्या मामांपैकी एक.

कलम ८ : पांढरे कपडे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा झगा, वेदीसेवक मुलांचे अंगरखे, सगळं पांढरंशुभ्र, आणि शहर कोळशाचं. गच्चीवर वाळत घातलं तर काळे ठिपके बसतात आणि ते ओल्या हाताने चोळले की पसरतात. आधी कोरडे झटकायचे. वाळवायचे घरातच, पंख्याखाली.

कलम ९ : नाताळची रात्र. मिस्सा मराठीत होते. फादर केरळातून आलेले असतात आणि प्रवचनात त्यांच्या सगळ्या नद्या पुल्लिंगी वाहतात. हसू आलं तर खाली बघावं. मिस्सा संपल्यावर मम्मी अंगणात गाठून त्यांचं मराठी दुरुस्त करते. तिच्या दुरुस्तीनंतर नद्या नपुंसकलिंगी होतात.

तुमच्या माहेरचे लोक आले तर त्यांना वेळेची कल्पना आधी द्यावी. शेजारचे काका ब्रह्मपुरीकडचे, झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेले. वडसाच्या कंपन्यांची नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्र रात्र चालतात. काका आमच्याबरोबर मिस्सेला आले ते घोंगडी आणि थर्मास घेऊन. गोठा पाहिला, गाणी ऐकली, बाळ येशू ठेवून झाला, आणि दीड तासात सगळे उठायला लागले. "एवढ्यातच खतम?" काका म्हणाले. "दुसरा अंक नाही का जी?" त्यांचा हिरमोड मम्मीच्या जिव्हारी लागला. घरी येऊन तिने त्यांना केक दिला, मग कॉफी दिली, मग १९६२ पासून सुरुवात केली. पहाटेपर्यंत पुरलं.

कलम १० : केरळचे पाहुणे. केरळ एक्स्प्रेसने उतरतात, कप्पा आणि केळ्याचे वेफर्स आणतात, आणि लगेच वाघ मागतात. ताडोबा मंगळवारी बंद असतो. पाहुणे सोमवारी रात्री येतात.

कलम ११ : पेसहा. पवित्र गुरुवारी रात्री बिनखमिराची भाकर करतात, तांदूळ आणि उडदाची, वाफेवर. वर झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या पानांचा क्रूस. केरळात तो नारळाच्या पानांचा, आमच्याकडे शिंदीच्या. सोबत नारळाचं दूध आणि गूळ घालून केलेलं पाल. घरातला मोठा पुरुष भाकर कापतो आणि वयाच्या क्रमाने एकेकाला देतो. आमच्याकडे पप्पा कापायचे, वाकडेतिकडे, आणि मम्मी दरवर्षी म्हणायची, "नर्सला बोलवा, सरळ कापेल."

ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तिथे ही भाकर करत नाहीत. पप्पा गेले त्या वर्षी आमच्याकडे चूल थंडच होती. बल्लारपूरच्या ओळखीच्या घरून डबा आला. मम्मीने तो ओट्याशी उभ्यानेच उघडला, एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "यांचं मीठ कमी पडलं." मग रोझरीला बसली. कूलर बंद करायला त्या दिवशी ती विसरली, आणि आम्हीही आठवण करून दिली नाही.

आता ती स्वतः कापते, सरळ. भाकर बाहेरच्यांना देत नाहीत असा जुन्या लोकांचा दंडक आहे. तुम्हाला द्यायची की नाही हे फादरांना विचारून घे, असं मी सुचवलं. "विचारलं की उत्तर येते," मम्मी म्हणाली, आणि येत्या ईस्टरसाठी तांदूळ एक वाटी जास्त टाकायचा असं तिने डायरीत लिहून ठेवलं आहे. मी पाहिलं. तुमचं नाव नाही, नुसतं ‘वरोरा’ लिहिलं आहे.

कलम १२ रद्द. ते दादाच्या मोज्यांबद्दल होतं.

कलम १३ : मासे. बाजारात मरळ आणि वाम मिळतात. मरळ जिवंत बघून घ्यावी, वाम मम्मीच्या हाती लागू देऊ नये, ती तिला साप म्हणते. रश्श्याला कुडमपुळी लागते, कोकमासारखी काळी, कोट्टयमहून येते आणि कुलपात असते. पहिल्या खेपेला ती मागू नका, चिंच घाला. भिवापुरी तिखट बेताने. मम्मी चव घेऊन म्हणेल, "सावजी झालं." ही निंदा आहे असं आम्ही बरीच वर्षं समजत होतो. ताट बघावं. दुसऱ्यांदा भात घेतला तर पास.