एकास दोन

हवानाच्या प्रादो रस्त्यावर काशाचे सिंह आठ आहेत. पेर्मुतेरो किती, याची मोजदाद कुणी केलेली नाही. झाडाच्या सावलीत, संगमरवरी बाकावर, इस्त्रीचा ग्वायाबेरा सदरा घालून, खिशाला दोन पेनं लावून (त्यातलं एक चालतं) जो इसम बसलेला असतो आणि ज्याच्याभोवती चारसहा हताश चेहरे असतात, तो पेर्मुतेरो समजावा. घरांची अदलाबदल जुळवून देणारा दलाल. काखेत वही. वही तो कुणाला दाखवत नाही. पानात बोट खुपसून ठेवतो आणि ‘तुमचंच काम चाललंय’ असा चेहरा करतो.

हा धंदा कायद्याने जन्माला घातला. १९६० च्या नागरी सुधारणा कायद्याने भाडेकरू घरमालक झाले, पण घर विकायची वाट जवळजवळ बुजली. घर बदलायचं तर घराला घरच द्यायचं. मग लोक झाडांना पुठ्ठे टांगू लागले: ‘१ × २’. एक मोठं घर देणे, दोन लहान घेणे. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की नवराबायकोचा काडीमोड झालाय आणि दुसरं घर मिळत नाही म्हणून दोघं अजून एकाच स्वयंपाकघरात भांडतायत. न्यायालय काडीमोड देतं. तो अमलात आणतो पेर्मुतेरो. २०११ मध्ये घरांची खरेदी-विक्री खुली झाली. आता अदलाबदलीचा आकडा जुळला नाही, तर वरचा फरक नोटांनी भरता येतो. बाक तोच, वहीही तीच.

या माणसाने कॉर्बुझिएचं नाव ऐकलेलं नाही. मीस व्हान डेर रोह त्याला विचाराल, तर ‘कितव्या मजल्यावर राहतो?’ म्हणेल. पण हवानातल्या आधुनिक वास्तुकलेचा इतका निर्दय समीक्षक दुसरा नसेल. त्याची समीक्षा तीन प्रश्नांत आटोपते. पाणी रोज की दिवसाआड? लिफ्ट चालू की शोभेची? वारा आरपार जातो की नाही? या तीन चाळण्यांतून गळून जे उरेल तेवढं त्याच्या लेखी आर्किटेक्चर.

‘फोक्सा’चं नाव निघालं की तो बसल्या जागी ताठ होतो. वेदादो वस्तीतली ही इमारत १९५६ साली पुरी झाली. एकोणचाळीस मजले, एकशेएकवीस मीटर उंची, सगळी काँक्रीटची. १९५२ च्या कायद्याने एकेक फ्लॅट वेगळा विकत घेता येऊ लागला, त्या भरात उभी राहिलेली. पुढे तिच्यात सोविएत सल्लागार राहून गेले. पेर्मुतेरोला यातलं सगळं ठाऊक असतं, पण सांगायची पद्धत वेगळी. तो आवाज खाली आणतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, “कॅपिटलिस्ट बांधकाम आहे, मि आमोर (माझ्या लाडक्या).”

म्हणजे १९५९ च्या क्रांतीआधीचं. क्रांतीवर त्याची निष्ठा पक्की आहे. क्रांतीने ओतलेल्या स्लॅबवर नाही. शहरभर घरांच्या जाहिराती हेच विशेषण मिरवतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सत्तरीच्या अनोळखी बाईंना ‘मि आमोर’ म्हणण्यातही वाटत नाही.

मालेकोन या समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या ‘हिरोन’ इमारतीपाशी मात्र त्याची जीभ चाचरते. अंतोनिओ किंताना आणि अल्बेर्तो रोद्रिगेस यांची ही १९६७ ची रचना. सरकत्या साच्यांतून ओतलेलं उघडं काँक्रीट, समोर अथांग समुद्र. अभ्यासक तिच्यापुढे माना डोलावतात. हा मात्र लोखंडी गज बघतो. खारं वारं काँक्रीटच्या भेगांतून गजापर्यंत पोचतं, गज गंजून फुगतो आणि बाहेरचा थर ढलप्यांनी उडवतो. वहीत याची नोंद होते ती अशी: ‘समुद्राचा निकट सहवास.’

वहीची भाषाच निराळी. ‘शांत मजला’ म्हणजे लिफ्ट तिथवर येत नाही. ‘उंच छत’ म्हणजे मध्ये लाकडी माळा ठोकून सासूबाईंना वर पाठवता येईल. ‘भरपूर उजेड’ म्हणजे खिडकीची तावदानं गेलीत. आणि ‘प्रकृतीला उत्तम’ म्हणजे आलामार, पाचवा मजला, जिना.

आलामार ही शहराच्या पूर्वेची वसाहत. १९७१ पासून कारखान्यांतली, कचेऱ्यांतली माणसं कामावरून मोकळी करून त्यांच्या तुकड्या केल्या आणि त्यांनीच आपल्या सहकाऱ्यांसाठी इमारती बांधल्या. उरलेल्यांनी मागे त्यांचं काम ओढलं. इमारतींना नावं नाहीत, आकडे आणि अक्षरं आहेत.

“भिंत जरा तिरकी वाटते,” गिऱ्हाईक कुरकुरतं.

“कंपान्येरो (कॉम्रेड), ती भिंत एका हिशेबनिसाने बांधलीय,” पेर्मुतेरो म्हणतो. “तिरकी असेल, पण बेरीज बरोबर येईल.”

परदेशी वास्तुविशारद येतात तेव्हा खरी मजा. त्यांना बघायच्या असतात राष्ट्रीय कला शाळा. रिकार्दो पोर्रो, व्हित्तोरिओ गाराती आणि रोबेर्तो गोत्तार्दी या तिघांनी १९६१ पासून जुन्या कंट्री क्लबच्या गोल्फ मैदानावर त्या उभारायला घेतल्या. पोलाद-सिमेंटची टंचाई, म्हणून विटांच्या पातळ कमानी आणि घुमट. १९६५ मध्ये काम थांबलं, ते अर्धवटच. बॅलेची शाळा तर रानात गेली. पाहुणे घुमटाखाली डोळे मिटून उभे राहतात. पेर्मुतेरो हातातल्या वहीने वारा घेत चौफेर बघतो आणि हळहळतो, “भिंती सगळ्या गोल. कपाट कुठे ठेवणार?”

थोडं थांबून, पुन्हा वर बघून, “पण स्टीलशिवाय इतकी वर्षं उभं आहे, हं.” त्याच्याकडून एवढं मिळालं की सुवर्णपदकच.

आणि तो चुकत नाही, ही खरी गंमत. वेदादोतली १९५० च्या दशकातली जी घरं तो ‘लगेच जातील’ म्हणून सांगतो, त्यांना आडव्या पट्ट्यांच्या झिलमिल्या असतात, खोल बाल्कन्या असतात, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या असतात. वीज गेली, पंखा थांबला, तरी माणूस उकडून निघत नाही. वास्तुविशारदाने कागदावर वाऱ्याचे जे बाण काढले होते ते खरे होते की नुसतेच बाण, हे हवानात वीज गेल्यावर कळतं. पेर्मुतेरो घर बघायला मुद्दाम तेव्हाच जातो.

एकदा कुणीतरी त्याला वास्तुविशारद होसे लुईस सेर्टच्या आराखड्याबद्दल सांगतं. क्रांतीआधीच्या हुकूमशहा बातिस्ताच्या अमदानीत हवानाची नवी आखणी कागदावर झाली होती. मालेकोनसमोर समुद्रात भराव घालून एक कृत्रिम बेट करायचं, त्यावर हॉटेलं, कसिनो उभे करायचे. क्रांती आली आणि बेट कागदावरच राहिलं. पेर्मुतेरो शांतपणे ऐकून घेतो. चारी बाजूंनी समुद्र, म्हणजे वारा आहे. लिफ्ट नाही, म्हणजे बिघडण्याचा प्रश्न नाही. फक्त पाण्याची चौकशी करायला हवी. चालणारं पेन काढून तो पानावर वाकतो: ‘बेट. कॅपिटलिस्ट. बांधकाम व्हायचंय. १ × ४, सवडीने.’